घासणीतलं शेवाळ

देपालपूरचं घर विकून मी नुकतीच मुलाकडे विजयनगरला राहायला आले होते. रिकामं बसवेना, म्हणून माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखालचं कपाट उघडलं. आतल्या छोट्या टाकीत शेवाळाचं जंगल! स्वच्छतेत नंबर वन इंदुरात एवढी घाण? सगळं उपसून कचरागाडीत टाकलं, काच घासून लख्ख केली. सून आली, खालची रिकामी टाकी पाहून किंचाळलीच. "अहो आई, ते जानबूझके वाढवलं होतं! वरच्या पाण्यातली माशांची घाण तेच खातं. मासे मरतील! तुमच्या लेकाला काय सांगू?" मी मोरीत धावले. तारेच्या घासणीत बोटभर शेवाळ अडकलेलं होतं. ते वाटीत घेतलं, तोच मुलगा आला. त्याने ते खालच्या टाकीत सोडलं, त्यावरचा दिवा लावला. "वाढेल. पण महिने लागतील." मी चाचरत विचारलं, "तोवर मला इथे राहू देशील ना रे?"