टेपचं टोक

काका माप वाचणार आणि पुतण्या टेप धरणार, एवढंच ठरलं होतं. त्यापलीकडे सकाळपासून दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. काढणार तरी काय? इतकी वर्षं शर्यतीची बोट काका चालवायचे. या मोसमात मोठ्या भावाने त्यांना उठवून आपल्या पोराला स्टिअरिंगवर बसवलं आणि काकांच्या हातात नट आवळायचे पाने दिले. वर म्हणाला, घरातच राहिलं की!

बोट शेडमध्ये घोडीवर चढवलेली होती. मागे पंखे फिरवणारे दोन ड्राइव्ह लटकत होते, एका आडव्या दांड्याने एकमेकांना जोडलेले. पंखे काढून त्यांच्या जागी सरळ नळ्या बसवल्या होत्या. दोन नळ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं आलं की ड्राइव्ह सरळ. नाही आलं, तर भर वेगात बोट कुठे भरकटेल याचा नेम नाही. उद्या ती पुतण्या चालवणार होता. म्हणजे जीव याचा आणि माप काकांचं.

आईने निघताना बजावलंच होतं, त्यांच्या मापावर डोळे मिटून बसू नकोस. तिने सांगायची काही गरज नव्हती.

टेपचं पत्र्याचं टोक ढिलं झालेलं, म्हणून या शेडमध्ये सगळे शून्य सोडून एकच्या रेघेवर धरतात. पुतण्याने मागे तशीच धरली. काकांनी आकडा सांगितला. पुढे सरकताना मात्र त्याच्या डोक्यात किडा वळवळला. इथे शून्यावर धरू. काकांनी तरीही सारखंच आहे म्हटलं, तर चोरी पकडली. धरणाऱ्याचा अंगठा नळीच्या पलीकडे असतो, वाचणाऱ्याला तो दिसत नाही. मोठा शहाणा! धरली शून्यावर.

"पुढे कमी आहे," काका म्हणाले. "एक सेंटीमीटर."

म्हणजे खरं बोलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकांनी नट ढिले केले आणि दांडा फिरवून नळ्या पुढून फाकवायला घेतल्या. थांबवायचं होतं तर तेव्हाच. पण थांबवायचं म्हणजे, मी तुम्हाला खोटारडे समजत होतो, हे काकांच्या तोंडावर म्हणायचं. पुतण्याने टेपचं टोक पुन्हा उचललं. काकांनी पुन्हा माप घेतलं. याने पुढे पुन्हा शून्यावरच धरली, एकवर धरली असती तर भांडं फुटलं असतं. आकडे सारखे आले. काकांनी नट आवळले.

आता सरळ असलेले ड्राइव्ह वाकडे झाले होते. उद्या लवकर येऊन आपणच नीट करू, असं त्याने मनाशी म्हटलं. पण माप घ्यायला माणसं दोन लागतात, आणि दुसऱ्याला सांगणार काय? कपाळ?

काकांनी चिंधीला हात पुसले. बोटीत दोन जागा होत्या, एक स्टिअरिंगची, एक थ्रॉटलची, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्याची. थ्रॉटलवर उद्या मी बसतोय, असं ते म्हणाले. तुझ्या बापाला सांगून झालंय. मग ते एकेक पाना डब्यात टाकायला लागले.

 पुतण्याला स्वतःचीच किळस आली.

"काका, पुढे मी शून्यावर धरली होती. दोन्ही वेळेला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"बरोबर एक सेंटीमीटर कमी कसं येईल? टेप काय आज पहिल्यांदा बघतोय मी?"

"मग दांडा का फिरवलात?"

"तू किती वेळ गप्प बसतोस ते बघत होतो." काकांनी डब्यातून पाना परत काढला. "बराच वेळ बसलास."

त्यांनी नट सोडले, दांडा जेवढा फिरवला होता तेवढा उलटा फिरवला आणि नट पुन्हा आवळले.  मग टेपचं टोक त्यांनी पुतण्याच्या हातातून काढून घेतलं आणि टेपची डबी त्याच्याकडे सरकवली. आता तू वाच, म्हणाले, मी धरतो.

पुतण्या काकांच्या जागी उकिडवा बसला. टेप ताणली गेली. काकांचा हात नळीच्या पलीकडे होता. आकडा समोर स्पष्ट दिसत होता, पण त्याला तो उच्चारवेना.

"काका, एकवरच धरलीय ना?"

"आकडा सांग," काका म्हणाले.