सात नंबरची तक्रार

मृण्मयीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी त्र्यंबकरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. ‘आजोबा, सर मला बास्केट मारूच देत नाहीत, नुसतं समोरचीला अडव म्हणतात. खेळ सोडून घरी येऊ का?’ असं नातीनं क्रीडा वसतिगृहातून विचारलं होतं. जन्म ग्रंथालयात काढलेल्या माणसानं यावर काय सांगायचं?

अंतिम सामन्याला मात्र ते तिला न कळवता कोल्हापूरला गेले आणि चुकून प्रतिस्पर्धी संघाच्या बाकामागे बसले. त्या संघाच्या सात नंबरनं उपांत्य सामन्यात एकटीनं अठ्ठावीस गुण केले होते, असं शेजारचे सांगत होते. आज मृण्मयी हात पसरून तिच्यापुढून हलेचना.

मध्यंतरात सात नंबर घाम पुसत बाकावर आली.

“चारच गुण?” तिच्या बाईंनी विचारलं.

“ती बया वाट सोडेल तर ना, बाई. माझी आईसुद्धा एवढी मागे लागत नाही.”

त्र्यंबकरावांनी हसू रुमालात लपवलं.

मृण्मयीचा संघ दोन गुणांनी जिंकला. मुलींनी जास्त गुण करणारीला खांद्यावर घेतलं. मृण्मयी कडेला बुटाची नाडी सोडत बसली. त्या गलक्यात शिरायचा धीर त्र्यंबकरावांना झाला नाही. त्यांनी खिशातल्या पोस्टकार्डावर लिहिलं, ‘खेळ सोडू नकोस. आजचा सामना तू जिंकून दिलास. मला यातलं कळत नाही, पण सात नंबरला कळतं.’ आणि विचार बदलायच्या आत ते मैदानाबाहेरच्या टपालपेटीत टाकलं.