घड्याळजींची मान

“हनुवटी आत घ्या. अजून थोडी. आता पाच आकडे थांबा,” डॉक्टर म्हणाला.

घड्याळजींनी हनुवटी आत घेतली आणि तशीच धरून विचारलं, “तीन झाले की चार?”

“चुकलं वाटतं! पुन्हा एकपासून मोजू,” डॉक्टर हसत म्हणाला. आजची ही तिसरी खेप होती.

तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून, मान मोडून घड्याळं दुरुस्त केलेली. मान आखडली नसती तरच नवल. सहा आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा नुसतं बाजूला बघायचं तरी अख्खे वळत होते. “मुलीनं पत्ता दिला तुमचा,” ते म्हणाले होते. “अगदी तोंडपाठ होता तिला. तिची मान तर ठणठणीत आहे!”

हे कोण, ते डॉक्टरने तेव्हाच ओळखलं होतं. त्याचं आणि त्यांच्या मुलीचं दोन वर्षांपासून जमलं होतं, लग्नही करायचं होतं, फक्त बाबांच्या कानावर घालायचं राहिलं होतं. “आधी त्यांची मान सरळ कर,” ती म्हणाली होती. “मग मी विषय काढते.”

डॉक्टरने जीव ओतला. घड्याळजी कधी रबरी पट्टा घरी विसरत, कधी आठवडाभर व्यायामच केला नाही म्हणून सांगत. हा पठ्ठ्या न चिडता पुन्हा पहिल्यापासून शिकवी. ते तासभर आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसत आणि बाकीच्या पेशंटांशी गप्पा छाटत. परवा तर स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरचं बंद घड्याळ मान वर करून तिथल्या तिथे चालू करून दिलं होतं.

तरी मान कशी आहे विचारलं की उत्तर ठरलेलं. “अजून थोडं बाकी आहे.”

आजही तेच म्हणाले. डॉक्टर अगदी रडकुंडीला आला. ज्याला एक मान सरळ करता येत नाही, त्याच्या हाती कोणता बाप आपली मुलगी देईल?

त्याने पट्टा गुंडाळून टेबलावर ठेवला.

“काका, मला नाही जमलं. उगाच तुमच्या खेपा होताहेत. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि... एक सांगायचंय. लपवून ठेवणं बरं नाही. तुमची मुलगी आणि मी...”

त्याने मान खाली घातली.

घड्याळजी खुर्चीतून उठले. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर केली, खाली केली. तेल दिलेल्या चाकासारखी ती गरगर फिरली.

“मान वर करा आधी,” ते म्हणाले. “माझी तर दुसऱ्याच आठवड्यात मोकळी झाली. पुढचे चार आठवडे मी मुलगा बघायला येत होतो, जावईबापू!”