काळ्याचा उंट

हेमलताबाईंनी बुद्धिबळाचं कोडं झटक्यात सोडवलं, तरी कपाळावरची पट्टी म्हणाली, "खेळी बरोबर. पण काळ्याचा उंट तुमच्या मनात आलाच नाही. गुण नाही."

विचार वाचणाऱ्या त्या पट्टीने वर्षभर त्यांचा एकही अंदाज खपवून घेतला नाही. बाई चिडायच्या आणि पुन्हा कोड्यांना बसायच्या.

सांगलीच्या स्पर्धेत पट्टीला बंदी होती. काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या मुलीने चक्क वजीर फुकट देऊ केला. बाईंचा हात निघाला आणि अधांतरी थांबला. उंट कुठे आहे? तो कोपऱ्यात दबा धरून बसला होता. बाईंनी आधी राजा हलवला आणि डाव जिंकला.

"काकू, कपाळ दुखतंय का?" मुलीने विचारलं.

मोकळ्या कपाळावरून बोटं फिरवत बाई म्हणाल्या, "नाही गं. मास्तरांना नमस्कार करतेय."