न सापडलेला डबा

"अगं, आणखी किती वेळ?" नणंदेनं, व्हर्नानं, गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "माझे गुडघे काय म्हणतायत ते ऐकू येतंय का तुला?"

नवऱ्याचं, ऑर्विलचं, दिशा दाखवणारं यंत्र हातात धरून अर्लीन रस्टी हॅव्हलिकच्या पुतळ्यापाशी उभी होती. खांद्यावर बॅट घेतलेला रस्टी नेहमीसारखा मक्याच्या शेतांकडे बघत होता. गावातलं हे एकच पोर बेसबॉलच्या मोठ्या संघात पोचलं, म्हणून गावानं मैदानासकट ही बाग त्याच्या नावानं केली.

ऑर्विलला जाऊन एक हिवाळा झाला होता. निवृत्त झाल्यावर त्याला डबे शोधायचं वेड लागलं. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, उपग्रहावरून मिळालेली जागेची खूण जाहीर करायची, आणि ऑर्विलसारख्या रिकामटेकड्यांनी तो हुडकायचा. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथे पुन्हा लपवायचा. ऑर्विल आपल्या हातानं कोरलेली बोटभर लाकडी बॅट ठेवायचा. पुलांखालचे डबे त्यानं काढले, झाडांच्या ढोलीतले काढले. फक्त या बागेतला काही त्याला सापडला नाही. दर उन्हाळ्यात दोघं एवढ्या लांब गाडी हाकत यायची, शोधायची, हरायची. मग मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर बसून कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खात गावच्या पोरांची मॅच बघायची. याच फळ्यांवर, तरुणपणी, अर्लीनच्या नाकावर येणारा चेंडू ऑर्विलनं उघड्या हातानं झेलला होता. हात सुजला आणि लग्न ठरलं.

अर्लीन पहिल्यापासून व्यवहारी. पहिल्याच वर्षी तिनं बजावलं होतं, "हा एवढा सापडू दे, की पुन्हा इतकं पेट्रोल जाळायचं नाही. सापडलेल्या डब्याकडे दुसऱ्यांदा जातं का कुणी?" खरंच, या छंदातलं कुणी जात नाही. डबा सापडला की नकाशावर खूण करायची आणि पुढचा धरायचा.

शेवटी दवाखान्यात ती म्हणाली होती, "तो एक राहिलाच रे तुझा." ऑर्विल हसला होता. "राहू दे गं." तिला ते हसू हरल्याचं वाटलं आणि जिवाला लागून राहिलं. कुठे म्हणून न अडलेला माणूस एका डब्यापाशी हरून गेला! तो डबा काढायचा, त्याच्या नकाशावर शेवटची खूण करायची आणि यंत्र कुणाला तरी देऊन टाकायचं, असं ठरवून ती नणंदेला सोबत घेऊन आली होती.

"माझा भाऊ खुळा होता," गाडीतून आवाज आला, "आणि तू त्याच्यावर कडी केलीस!"

यंत्रातला बाण मैदानाच्या तिसऱ्या बेसमागच्या फळ्यांकडे वळला. अर्लीन थबकली. ती बाजू ऑर्विलची. यंत्र त्याच्याच हातात असायचं. "तू पुतळ्याकडे बघ, इकडचं मी बघतो," असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि ती दरवर्षी इमानेइतबारे पुतळ्याभोवतीची झुडपं पालथी घालायची.

ती वाकली. खालच्या फळीखाली हात घातला, तर डबा लगेच हाताला लागला. धड लपवलेलासुद्धा नव्हता. शेंबड्या पोरानंही काढला असता.

"अगं बाई! ऑर्विल, हा तुला दिसला नाही?"

तिनं झाकण उघडलं. आत एक प्लास्टिकचा डायनासोर, गोटी, कुठल्याशा देशाचं नाणं. आणि बोटभर लाकडी बॅटी. एक नाही, चांगल्या मूठभर; दर उन्हाळ्याची एक. खालच्या काळवंडलेल्या, मधल्या पिवळट. सगळ्यात वरची अजून पांढरीच होती, पण वाकडीतिकडी. गेल्या उन्हाळ्यात त्याचे हात फार थरथरायचे.

अर्लीन तिथेच फळीवर बसली. तिला हसूही आलं आणि रडूही आलं.

"लबाड कुठला!" ती म्हणाली.

मग तिनं किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली, ऑर्विलनंच कधीतरी कोरून दिलेली आपली बॅट सोडवली आणि डब्यात टाकली. वाकडी बॅट उचलून खिशात घातली. झाकण लावून डबा होता तिथे सारला. मैदानात पोरं हातमोजे चढवून उतरू लागली होती.

ती गाडीपाशी आली. तिचे डोळे बघून व्हर्नाचा आवाज एकदम खाली आला.

"सापडला का गं?"

"कुठला सापडतोय!" अर्लीननं गाडीचं दार उघडून तिला हात दिला. "उतर खाली. कोलाचे घेऊ, मॅच बघू. पुढच्या उन्हाळ्यात परत यावं लागणार."