अकरावी कल्पना

अकरावी कल्पना वाचली आणि ऋजुतानं हातातला इडलीचा घास परत ताटलीत ठेवला.

प्रबंधासाठी विषय हवा होता. सर्जरीच्या शिक्षणासाठी सांगली सोडून चेन्नईच्या या इस्पितळात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते, आणि डोक्यात तर काही म्हणजे काही येत नव्हतं. शेवटी तिनं रीतसर परवानगी काढली, युनिटातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांची पाच वर्षांची माहिती घेतली, रुग्णांची नावं पुसली आणि सगळी एआयपुढं टाकली. सांग बाबा, यात संशोधन करण्याजोगं काय आहे?

पहिल्या दहा कल्पना अगदीच मिळमिळीत. टाके कोणते, मुक्काम किती, असल्या. अकरावी मात्र चावणारी होती.

'आर. व्ही. या सर्जनच्या शस्त्रक्रियांत मुख्य पित्तनलिका चुकून पुन्हा पुन्हा कापली गेली आहे. यातले काही रुग्ण दगावले. बाकी कुणाच्याही हातून असं घडलेलं नाही. हा सर्जन नलिका ओळखतो कशी, याचा अभ्यास करावा.'

माहितीत सर्जनची नावं नव्हतीच, नुसती दोन-दोन अक्षरं. पण न ओळखायला काय झालं? तिच्या मार्गदर्शकांची मेल रोज यायची आणि खाली पूर्ण नाव असायचं: रघुराम वासुदेव.

रघुराम सर! मूळचे तंजावरकडचे मराठी. अख्ख्या इस्पितळात तिच्याशी मराठी बोलणारं एकच माणूस. तेही असलं जुनं, तमिळ हेल काढलेलं मराठी की नुसतं ऐकत राहावं. आणि येत्या गुरुवारी याच सरांच्या हातून तिच्या बाबांचं पित्ताशय काढायचं ठरलं होतं. माधवराव त्यासाठीच तर आईला घेऊन सांगलीहून आले होते.

ऑपरेशन करताना सर मध्येच थांबायचे. चष्मा वर-खाली करून दुर्बिणीच्या पडद्याकडं बघत राहायचे. "नीट पाहिल्यावाचून कापायचं नाही," म्हणायचे. इतके दिवस तिला ती खबरदारी वाटायची. आता वाटलं, दिसत नाही की काय यांना?

त्यांच्यापुढं युनिटातले दुसरे सर्जन, वेंकट सर, म्हणजे वाराच. नावाजलेल्या राजगोपाल सर्जनचा मुलगा. बापाचा हात लेकात उतरलाय, असं सगळेच म्हणायचे. इतरांच्या अर्ध्या वेळात मोकळे व्हायचे, वर गाणं गुणगुणायचे.

संध्याकाळी तिरुवल्लिकेणीतल्या भाड्याच्या खोलीवर जाऊन तिनं विषय काढला. "बाबा, आपण वेंकट सरांकडून करून घेऊ या."

"का गं? मला ते रघुरामच बरे वाटले. दुखलं तर मराठीत ओरडता तरी येईल."

"बाबा, चेष्टा नको. ऐका ना माझं."

तिचा चेहरा बघून माधवरावांनी तिच्या ॲप्रनवरच्या बिल्ल्याला बोट लावलं. 'डॉ. एम. ऋजुता.' आल्यापासून त्यांचा हा खेळ चालला होता.

"कवठेकर आडनाव गिळलं या लोकांनी," ते म्हणाले. "पण माधवचा एम लेकीच्या आधी लावला, तेवढ्यावर माफ! डॉक्टर तू आहेस बाळा. तू म्हणशील त्याच्यापुढं आडवा होतो."

सरांना सांगताना मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, बाबांची इच्छा आहे... वेंकट सरांनी करावं अशी."

रघुराम सरांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"अप्पांची इच्छा की तुझी?"

"बाबांची, सर."

"बरं." ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, "वेंकटास एवढं सांग. घाई नको म्हणून."

लागलं म्हाताऱ्याला, तिच्या मनात आलं. स्वतःचा हात चालेना आणि दुसऱ्याला शिकवायला निघालेत! निरोप काही तिनं दिला नाही. गुरुवार पार पडला की एआयनं दाखवलेलं सगळं विभागप्रमुखांपुढं ठेवायचं, हे तिनं पक्कं केलं. सरांचं पुढं काय होईल या विचारानं तिला रडू फुटलं. पण काय करणार, बाप तो बाप.

गुरुवारी बाबांना आत नेलं. जाताना त्यांनी तिला डोळा मारला. वेंकट सर लगबगीनं आले, "अर्ध्या तासात बाहेर, अम्मा," असं आईला सांगून, शीळ घालत आत गेले. स्वतःच्या माणसाच्या वेळी डॉक्टरनं आत थांबायचं नाही, असा तिथला नियम. ऋजुता आईचा हात धरून बाहेरच्या बाकावर बसली.

दारावरचा लाल दिवा लागला. नातेवाइकांसाठी भिंतीवर लावलेल्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या, आधी तमिळ, मग इंग्रजी. आईला जिवाला काहीतरी चाळा हवाच होता. ती एकेक अक्षर लावून वाचायला लागली.

"थिएटर दोन. माधवराव कवठेकर. शस्त्रक्रिया सुरू."

ऋजुतानं डोळे मिटून घेतले. वाचवलं बाबांना. किती दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला.

"अगं, हे बघ की!" आई हसून म्हणाली. "तुझ्यासारखंच. यांच्याही बापाचं अक्षर आधी लावलंय. डॉक्टर आर. वेंकट."