आईच्या जागी कळशी

कंबरेच्या ऑपरेशननंतर आईने डोंगरावरच्या घराचाच हेका धरला. “वाट खडकाळ, धक्के बसतील. माझ्याच फ्लॅटवर राहा,” धाकटा म्हणाला. थोरल्या लेकीने मात्र मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. ट्रायलच्या प्रत्येक गाडीत आईच्या जागी काठोकाठ भरलेली कळशी पट्ट्याने बांधून तीच वाट चढली. पहिलीत अर्धी कळशी सांडली. दुसरी ऐसपैस होती, पण ऐन चढावर बंद पडली. तिसरीच्या वेळी सेल्समन हसला, “ताई, गाडीत माणसं बसवतात हो!” “माणसासाठीच चाललंय. बसा गुपचूप.” खडक गेले, ओढा गेला, तिने वळून पाहिलं नाही. अंगणात पोचल्यावर पाणी बोटभरच उतरलेलं दिसलं. तीच गाडी घेतली. निघायच्या दिवशी धाकट्याने स्वतःच कळशी भरून मागे ठेवली. “पुन्हा एकदा बघू, ताई.” काठी टेकत आई आली. “उचल ती कळशी. तिथे मी बसणार.”